डोळ्यातल्या रक्तवाहिनीला फुगा येतो तेव्हा

गेल्या पावसाळ्यात एक आजी आल्या होत्या, वय ६८, बारामतीकडच्या, सोबत सून. उजव्या डोळ्यानं मधलं दिसत नाही एवढीच तक्रार. "देवापाशी समई लावली, डावा डोळा चुरचुरत हुता म्हून चोळत हुते, तर उजव्यानं समई दिसतीया पण ज्योतच दिसंना" असं त्या सांगत होत्या. हे होऊन नऊ दिवस झाले होते. नऊ दिवस कशात गेले तर घरात सगळ्यांनी धरूनच चाललं की मोतीबिंदू असणार, या वयात होतोच, दिवाळी झाली की ऑपरेशन करून घेऊ. सुनेला मात्र काहीतरी खटकलं आणि ती घेऊन आली, त्या बाईचे खरंच उपकार.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डॉक्टरांच्या आधी तुमचा नंबर तपासते, थेंब टाकते, मशीनवर हनुवटी टेकवा म्हणते ती मी. निदान डॉक्टर करतात, पण डोळ्याच्या पडद्याचे फोटो आणि स्कॅन दिवसभर माझ्या हातून जातात, आणि या आजींसारखं कुणी आलं की दरवेळी वाटतं हा आजार लोकांना एकदा नीट सांगितला पाहिजे, कारण याचं नावच कुणी ऐकलेलं नसतं. नाव आहे रेटिनल आर्टेरियल मॅक्रोॲन्युरिझम. नाव मोठं आहे पण प्रकार समजायला सोपा आहे.

सायकलची जुनी ट्यूब आठवा, एका जागी रबर पातळ झालेलं असतं आणि हवा भरली की बरोबर तिथंच फुगा येतो, बाकी ट्यूब ठीकठाक असते. शेतातल्या ठिबकच्या नळीलाही उन्हानं कुजल्यावर असाच फुगा येतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत असा फुगा आला की त्याला ॲन्युरिझम म्हणतात. मेंदूतला ॲन्युरिझम आणि पोटातल्या मोठ्या धमनीतला ॲन्युरिझम लोकांनी ऐकलेला असतो, पण डोळ्याच्या मागच्या पडद्यावर ज्या बारीक धमन्या पसरलेल्या असतात त्यांनाही हे होतं. पडद्याची मुख्य धमनी डोळ्याला मेंदूशी जोडणाऱ्या नसेतून (ऑप्टिक नर्व्हमधून) आत येते, मग तिला फाटे फुटतात, त्या फाट्यांना फाटे फुटतात, आणि हा फुगा बहुतेक वेळा पहिल्या तीन फाट्यांच्या आतच सापडतो, एकतर जिथं धमनी दुभागते तिथं नाहीतर जिथं धमनी आणि शीर एकमेकींना ओलांडतात तिथं. आकार किती, तर १०० मायक्रॉनच्या पुढं, बहुतेक २५० पर्यंत. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, त्यावरून अंदाज करा. एवढ्याशा गोष्टीनं माणसाचं वाचणं, शिवणं, सुईत दोरा ओवणं सगळं बंद पडू शकतं.

होतो कुणाला? साठीच्या पुढच्या लोकांना, त्यातही बायकांना जास्त, आणि चारातल्या तिघांना तरी ब्लड प्रेशर असतं. वर्षानुवर्षं बीपी चढलेलं राहिलं की धमनीच्या भिंतीतला लवचिक स्नायूचा थर झिजतो आणि त्याजागी कडक, न ताणणारा धागा येतो, मग एखादी कमजोर जागा दाबाखाली फुगत जाते. आजार तसा दुर्मीळ आहे, बीजिंगमध्ये चाळिशीपुढच्या लोकांची मोठी पाहणी झाली होती त्यात साधारण साडेचार हजारांत एक असं प्रमाण निघालं. बहुतेकांना एकाच डोळ्यात होतो. या फुग्यांना वेगळा आजार म्हणून मॅक्रोॲन्युरिझम हे नाव १९७३ साली मिळालं, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रॉबर्टसन यांच्या पेपरमधून.

आता फुगा नुसता आहे म्हणून काही होत नाही. कित्येकांना तो असतो आणि त्यांना पत्ताही नसतो, चष्म्याचा नंबर काढायला येतात आणि बाहुली मोठी करून बघताना सापडतो. त्रास दोन वाटांनी होतो. एक म्हणजे फुटणं, जे आजींचं झालं. दुसरं म्हणजे झिरपणं, आणि हे फार गुपचूप चालतं. फुग्याच्या भिंतीतून पाणी आणि चरबी हळूहळू पडद्यात मुरत जाते, पाणी शोषलं जातं पण चरबी मागं राहते आणि फुग्याभोवती पिवळ्या ठिपक्यांचं कडं तयार होतं, एकदम रांगोळीच्या ठिपक्यांसारखं गोल. ते पाणी मॅक्युलापर्यंत, म्हणजे पडद्याच्या ज्या मधल्या जागेनं आपण बारीक बघतो तिथपर्यंत पोचलं की अक्षरं वाकडी दिसायला लागतात, धूसर होतात. असे एक काका आले होते ज्यांनी एका वर्षात तीनदा चष्मा बदलला होता, प्रत्येक वेळी दुकानात नुसता नंबर काढून नवीन काच बसवली, पण बाहुली मोठी करून मागचा पडदा कुणी बघितलाच नाही. मला याचा खरंच त्रास होतो. सहा-आठ महिने सूज राहिली की मधल्या पेशी पुन्हा पूर्वीसारख्या होत नाहीत. नंबर सारखा सारखा बदलतोय आणि तरी समाधान नाही असं असेल तर काच बदलू नका, पडदा तपासा.

परत आजींकडे येते. मी बीपी घेतलं तर १९० वर १००. गोळी चालू आहे का विचारलं तर म्हणाल्या दोन महिने झाले बंद केली, डोकं दुखत नव्हतं, बरं वाटत होतं. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले, अर्ध्या तासानं फोटो काढला, आणि स्क्रीनवर जे दिसलं ते बघून मी डॉक्टरांना बोलावलंच. पडद्याच्या बरोबर मधोमध होडीच्या आकाराचा रक्ताचा साठा होता, वर एकदम आडवी रेघ, भांड्यातल्या स्थिर पाण्याला असते तशी, कारण आजी बसलेल्या होत्या आणि लाल पेशी जड म्हणून खाली बसल्या होत्या. त्याच्या वरच्या अंगाला, धमनीच्या वाटेवर, आणखी एक काळपट लाल डाग, तो मात्र पडद्याच्या मागं होता. म्हणजे एकाच जागेवरून रक्त पुढंही उडालंय आणि मागंही गेलंय. डॉक्टर लोक याला वाळूच्या घड्याळासारखा रक्तस्राव म्हणतात, मधे बारीक आणि दोन्हीकडे फुगीर, आणि वयस्कर, बीपी असलेल्या माणसात असं दिसलं की त्यांच्या मनात पहिलं नाव मॅक्रोॲन्युरिझमचंच येतं.

पण मनात येणं आणि सिद्ध होणं यात फरक आहे, कारण फुगाच रक्ताखाली झाकला जातो. आणि इथं गफलत व्हायला भरपूर जागा आहे. म्हातारपणी मॅक्युलाखाली नवीन कच्च्या रक्तवाहिन्या वाढून रक्त येतं तो वेगळा आजार, त्यात असंच रक्त दिसतं. शिरेत गुठळी होऊन रक्त पसरतं, ते वेगळं. जोरात उलटी, खोकला किंवा कुंथण्यामुळं एकदम दाब वाढून पडद्यासमोर रक्त येतं, तेही अगदी होडीसारखंच दिसतं. आणि पडद्यामागचं जुनं काळं पडलेलं रक्त कधी कधी डोळ्याच्या कॅन्सरसारखं दिसतं, त्या शंकेनंही लोक पुढं पाठवले गेलेत, घरच्यांची काय अवस्था होत असेल विचार करा.

मग तपासण्या. पहिली ओसीटी, यात सुई नाही, दुखणं नाही, प्रकाशाच्या किरणानं काही सेकंदांत पडद्याचा उभा छेद निघतो, केक कापल्यावर थर दिसावेत तसा. रक्त नेमकं कुठल्या थरात आहे, पाणी किती साचलंय, फुगा गोल पोकळीसारखा दिसतोय का, हे कळतं. रक्त कुठल्या थरात आहे हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, का ते पुढं सांगते. दुसरी डाय टेस्ट, म्हणजे फ्लुरोसिन अँजिओग्राफी. हातातल्या शिरेत पिवळा-केशरी डाय देतात, दहा-पंधरा सेकंदांत तो डोळ्यात पोचतो आणि आम्ही फटाफट फोटो काढत राहतो. फुगा असेल तर धमनीसोबतच तो लगेच उजळतो आणि झिरपत असेल तर नंतर भोवती धुकं पसरतं. डायनं थोडं मळमळतं, पुढं दिवसभर लघवी गर्द पिवळी होते आणि कातडीही पिवळसर दिसते, कावीळ झाली म्हणून घाबरून आम्हाला फोन येतात पण त्यात काही नाही. ॲलर्जी, दमा, किडनीचा त्रास असेल तर आधी सांगायचं एवढं मात्र नक्की.

गंमत अशी की दाट रक्तातून हा पिवळा डाय दिसत नाही, रक्त त्याचा प्रकाश अडवतं. तेव्हा हिरवा डाय देतात, आयसीजी, तो इन्फ्रारेड प्रकाशात चमकतो आणि तो प्रकाश रक्तातूनही बराच पार होतो. आजींच्या बाबतीत पिवळ्या डायमध्ये नुसता काळा ढग दिसला आणि हिरव्या डायमध्ये त्या ढगाच्या आत, बरोबर धमनीवर, एक लखलखीत मणी. व्हिडिओत तो नाडीबरोबर धडधडताना दिसत होता. मी इतकी वर्षं हे काम करतेय तरी असं काही दिसलं की अंगावर काटा येतो. रक्त डोळ्याच्या जेलीतच, म्हणजे डोळ्याच्या आत भरलेल्या पारदर्शक गरात, भरलं असेल आणि आतलं काहीच दिसत नसेल तर मग डोळ्याची सोनोग्राफी करतात, पडदा मागं चिकटलेला आहे का सुटलाय ते बघायला.

उपचार म्हटलं की सगळे विचारतात, ऑपरेशन कधी? खूप वेळा उत्तर असतं, थांबू या. लोकांना ते पटत नाही, टाळाटाळ वाटते. पण या फुग्यांचा एक गुण आहे, फुटल्यावर किंवा झिरपता झिरपता त्यांच्या आत गुठळी होते आणि ते आपोआप बंद पडतात, बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत असंच होतं. मॅक्युला कोरडा असेल, नजर चांगली असेल, तर डॉक्टर ठराविक अंतरानं ओसीटी करतात आणि बीपी खाली आणायला फिजिशियनकडे पाठवतात, आणि माझ्या मते हा फिजिशियनचा कागद हीच त्या फाइलमधली सगळ्यात मोलाची चिठ्ठी असते. कारण फुगा डोळ्यात दिसला असला तरी तोच दाब हृदयावर, किडनीवर, मेंदूवर पण पडतोय. डोळ्याची भीती वाटते म्हणून लोक आमच्याकडे वेळेवर येतात आणि बीपीची गोळी मात्र बरं वाटलं की सोडतात, बीपीला बरं वाटणं आणि न वाटणं यावर मोजता येत नाही हो, पट्टा बांधूनच मोजावं लागतं. एक मात्र, कुणी हार्टसाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर डोळ्यात रक्त आलं म्हणून ती मनानं बंद करू नका, ते हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

झिरपून मॅक्युलाला सूज आली असेल तर डोळ्यात इंजेक्शन देतात. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर माणूस खुर्चीतच पांढरा पडतो, पण सुन्न करायचे थेंब टाकतात, सुई केसासारखी बारीक असते आणि दोन-चार सेकंदांत काम होतं. बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही त्यातली औषधं, झिरपणं कमी करतात. बेव्हासिझुमॅब मुळात आतड्याच्या कॅन्सरसाठी आलेलं औषध आहे आणि स्वस्त पडतं म्हणून आपल्याकडे खूप वापरतात, रॅनिबिझुमॅबचं भारतात तयार झालेलं स्वस्त रूपही २०१५ पासून मिळतंय. अलीकडे स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर इंजेक्शनच्या आधी सांगा. आणि इंजेक्शननंतरच्या काही दिवसांत डोळा दुखायला लागला, लाल झाला, नजर कमी होतेय असं वाटलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा, काही हजारांत एखाद्याला आत इन्फेक्शन होतं पण झालं तर तास मोजावे लागतात. लेझर हा जुना उपाय, फुग्यावर किंवा त्याच्या भोवती हलके ठिपके देतात, फुगा आक्रसतो. काम चांगलं करतो, फक्त धोका असा की त्याच्या पुढची धमनीच बंद पडली तर पडद्याच्या तेवढ्या तुकड्याचं रक्त तुटतं, म्हणून मॅक्युलाला रक्त पुरवणारी धमनी असेल तर डॉक्टर हात आखडता घेतात.

आता रक्ताच्या थराचं. जेलीत सांडलेलं रक्त पडद्याला थेट जाळत नाही, ते निवळेपर्यंत दिसत नाही इतकंच, डोकं उंच ठेवून झोपायला सांगतात म्हणजे ते खाली बसतं, आणि महिनोनमहिने निवळलंच नाही तर व्हिट्रेक्टमी, म्हणजे ती जेलीच काढायचं ऑपरेशन, करून काढतात. पडद्याच्या अगदी पुढं, पातळ पापुद्र्याखाली कोंडलेलं होडीसारखं रक्त, त्याला वाट करून देता येते, त्यासाठी यॅग लेझर वापरतात, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मागची जाळी साफ करायला वापरतात ना तोच, पापुद्र्याला टाचणीएवढं भोक पाडायचं आणि रक्त खाली जेलीत उतरू द्यायचं. पण ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच जमतं, नंतर रक्त गोठून बसतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पडद्याच्या मागं, मॅक्युलाखाली साठलेलं जाड रक्त. बघणाऱ्या पेशींना त्यांचं पोषण मागच्या थरातून येतं, मधे रक्ताचा थर आला की ते तुटतं, त्यात रक्तातलं लोह पेशींना विषासारखं लागतं आणि गुठळी आक्रसताना त्यांना ओढून फाडते. इथं दिवस मोजायचे असतात, आठवडे नाही. गुठळी विरघळवणारं औषध आणि गॅसचा बुडबुडा सोडून रक्त मॅक्युलापासून बाजूला ढकलतात, कधी नुसतं इंजेक्शननं, कधी ऑपरेशन करून, आणि मग पेशंटला काही दिवस मान खाली घालून, पालथं राहावं लागतं. गॅस डोळ्यात असेपर्यंत विमानप्रवास बंद, महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी जायचं तरी आधी विचारायचं, उंचीवर गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब चढतो. दुसऱ्या कशासाठी भूल घ्यायची वेळ आली तरी भूलतज्ज्ञांना गॅसचं सांगायचं.

आजींचं नशीब असं की मागचं रक्त वरच्या बाजूला होतं, मॅक्युलाखाली आलेलं नव्हतं, समोर होडी होती. आधी फिजिशियनकडे जाऊन बीपी आटोक्यात आणलं, मग तेराव्या दिवशी यॅग केलं. लेझर झाला आणि भोकातून रक्ताची बारीक धार खाली उतरताना डॉक्टरांनी मलाही दाखवली. पुढचे दोन आठवडे आजींना डोळ्यासमोर काळे धागे तरंगताना दिसत होते, हे होणार असं आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरल्या नाहीत. दोन महिन्यांनी तक्त्यावरची ६/१२ ची ओळ वाचली, म्हणजे चांगला डोळा बारा मीटरवरून जे वाचतो ते सहा मीटरवरून. फुगा तोवर बंद पडून पांढरा झाला होता.

नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात, डोळ्यात आहे म्हणजे मेंदूतही असेल का, एमआरआय करायचा का. पडद्यावरच्या या फुग्याचा मेंदूतल्या फुग्याशी सहसा संबंध नसतो, त्यामुळं नुसत्या या कारणासाठी सगळ्यांचा एमआरआय करत नाहीत. पण मेंदूतला फुगा कधी डोळ्यावाटे इशारा देतो तो वेगळा असतो, अचानक एका डोळ्याची पापणी खाली पडते, त्या डोळ्याची बाहुली मोठी होते, एकाचे दोन दिसतात, सोबत डोकं किंवा डोळा दुखतो. असं झालं तर डोळ्याच्या दवाखान्यात नंबर लावून बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, जिथं न्यूरोसर्जन आहे तिथं.

आणि डायबेटिसवाल्यांच्या रिपोर्टवर मायक्रोॲन्युरिझम लिहिलेलं असतं त्याचं काय? ते याच कुळातले पण खूप छोटे, मोठ्या धमनीला नाही तर केशवाहिन्यांना आलेले, फोटोत लाल टाचणीच्या टोकासारखे दिसतात. साखरेमुळं केशवाहिनीला धरून ठेवणाऱ्या पेशी मरतात आणि भिंत फुगते, डायबेटिसनं पडद्यावर केलेली ही पहिली दिसणारी खूण. त्यांच्यावर वेगळा उपचार नसतो, ते येतात आणि जातातही, साखर आणि बीपी सांभाळायचं आणि तपासत राहायचं, मॅक्युलाला सूज आली तरच इंजेक्शन किंवा लेझर. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये आलेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे, म्हणजे साधारण चौदा माणसांमागे एकाला. टाइप २ चं निदान झालं त्याच वर्षी पडदा तपासायचा आणि मग दरवर्षी, दिसायला कितीही चांगलं असलं तरी. तपासणीच्या दिवशी गाडी स्वतः चालवत येऊ नका, थेंबानं चार-सहा तास धूसर दिसतं.

घरी एक करता येतं, मी सगळ्या साठीपुढच्यांना सांगते. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा खराब डोळ्याचं झाकून नेतो, आजींना डावा डोळा चोळला नसता तर आणखी किती दिवस कळलं नसतं देव जाणे. रोज सकाळी कॅलेंडरसमोर चष्मा लावून उभं राहायचं, एक डोळा तळहातानं झाकायचा, मग दुसरा. चौकोनांच्या रेघा वाकड्या दिसतायत का, मधली तारीख गायब आहे का, एवढंच बघायचं. आणि तसं काही दिसलं तर दवाखान्यात फोन करताना "जरा कमी दिसतंय" असं म्हणू नका, तसं म्हटलं की रिसेप्शनवरची मुलगी पुढच्या आठवड्यातली अपॉइंटमेंट देते, तिची चूक नसते. "काल संध्याकाळपासून उजव्या डोळ्यानं मधलं एकदम दिसायचं बंद झालंय, बीपी आहे" असं सांगा, त्याच दिवशी बोलावतील.